टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

भातकुलीहून अमरावतीच्या मार्केट यार्डात जाणारा बराचसा शेतमाल आज पिकअपनं जातो. अंतर वीस किलोमीटरच्या आतलं, माल दहा-पंधरा क्विंटल, वाट अर्धी डांबरी आणि अर्धी शेतातून निघणारी पांदण. एवढ्या कामाला ट्रक मोठा पडतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला वेळ लागतो. म्हणून बोलेरो पिकअप, टाटाची योद्धा, अशोक लेलँडची दोस्त आणि २००५ साली बाजारात आल्यापासून ‘छोटा हत्ती’ याच नावानं ओळखली जाणारी टाटा एस, या गाड्यांनी वऱ्हाडातली जवळच्या पल्ल्याची वाहतूक सांभाळली आहे. अशा गाडीच्या मालकाला चहाच्या टपरीवर विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “काय ॲव्हरेज देऊन राह्यली?” उत्तरही तयार असतं. कोणी बारा सांगतो, कोणी चौदा, कोणी पंधरा. पण हा आकडा कुठून आला, गाडी भरलेली होती की रिकामी, टाकी कुठून कुठपर्यंत मोजली, हे कोणी विचारत नाही. ॲव्हरेजचा आकडा गाडीपेक्षा तिनं केलेल्या कामाबद्दल जास्त सांगतो, असं माझं म्हणणं आहे. तो टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल अशा पद्धतीनं आणि शेजारी लोड लिहून काढला, तरच त्यावरून भाडं ठरवता येतं, गाडीतला बिघाड वेळेत ओळखता येतो आणि पंपाबद्दलचा संशय खरा की खोटा हे कळतं. नाहीतर तो आकडा गप्पांपुरताच राहतो.

बहुतेक पिकअपवाले डिझेल लिटरमध्ये भरत नाहीत, रुपयांमध्ये भरतात. ‘हजाराचं टाक’, ‘पंधराशेचं टाक’ ही पंपावरची रोजची भाषा. त्यामागं कारण आहे. हातात आलेलं भाडं रोख असतं, त्यातूनच हमाली द्यायची असते आणि गाडीचा हप्ता डोक्यावर असतो. मात्र अशा भरण्यातून ॲव्हरेज काढायचं तर एकच आधार उरतो, तो डॅशबोर्डवरच्या काट्याचा. काट्यावर विसंबणं सगळ्यात घातक. टाकीत तरंगणारा फ्लोट डिझेलची उंची मोजतो, लिटर मोजत नाही. टाकी वर-खाली सारख्या आकाराची नसते, म्हणून फुल्लपासून अर्ध्यापर्यंतचं डिझेल आणि अर्ध्यापासून रिकाम्यापर्यंतचं डिझेल सारखं असेलच असं नाही. त्यात गाडी उतारावर उभी असली की काटा वेगळं बोलतो. ‘हजाराच्या डिझेलमध्ये अमरावतीच्या तीन खेपा झाल्या’ हे वाक्य काट्याच्या भरवशावर उभं असेल, तर त्यातून निघणारा आकडा दोन-तीन किलोमीटरनं सहज चुकतो.

खात्रीची रीत साधी आहे. पंपावर टाकी भरताना नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची आणि किलोमीटरचा आकडा लिहून ठेवायचा. मग गाडी हवी तशी चालवायची. पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच जागी गाडी उभी करून, नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरायची. दुसऱ्या वेळी जेवढे लिटर बसले तेवढंच डिझेल मधल्या काळात जळालं. किलोमीटरला त्या लिटरनं भागलं की झालं. नोझल बंद कशी होते हेही पाहण्यासारखं आहे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं आणि डिझेल वाहत असताना त्यातून हवा आत ओढली जाते. टाकीतली पातळी वर येऊन ते छिद्र झाकलं गेलं की हवा तुटते, आत ओढ निर्माण होते आणि खटका पडतो. डिझेलला फेस फार येतो. नोझल पूर्ण दाबून जोरात भरलं तर फेसच आधी छिद्राला लागतो आणि टाकी खऱ्या अर्थानं भरायच्या आतच खटका पडतो. म्हणून दोन्ही वेळी सारख्याच वेगानं भरायला सांगावं आणि पहिल्या खटक्याला थांबावं. एकदा पहिल्या खटक्याला थांबायचं आणि पुढच्या वेळी गळ्यापर्यंत ठासून भरायचं, असं केलं की हिशेब बिघडतो.

हजार-पंधराशेचं भरणाऱ्यांसाठी खरी सोय पुढं आहे. दोन फुल्ल टाक्यांच्या मध्ये कितीही वेळा थोडं-थोडं डिझेल भरलं तरी हिशेब बिघडत नाही. फक्त प्रत्येक वेळचे लिटर लिहिलेले हवेत. समजा, टाकी फुल्ल केली तेव्हा मीटर ४८,२१० होता. डिझेल हिशेबाला सोपं म्हणून ९० रुपये लिटर धरू. पुढच्या पंधरवड्यात एकदा हजाराचं, एकदा पंधराशेचं आणि पुन्हा एकदा हजाराचं टाकलं, म्हणजे एकूण साधारण ३८.९ लिटर. शेवटी मीटर ४८,८८६ असताना टाकी पुन्हा फुल्ल केली आणि १८.४ लिटर बसले. एकूण डिझेल ५७.३ लिटर, अंतर ६७६ किलोमीटर, म्हणजे ॲव्हरेज ११.८. महिन्यातून एकदा-दोनदा टाकी फुल्ल केली तरी पुरतं. रोज टाकी भरायला पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप त्यामुळं गळून पडतो.

आता चुकीचं प्रमाण बघू. समजा, खटका लवकर पडल्यामुळं एक लिटर कमी बसलं. दहा लिटरच्या भरण्यावरून ॲव्हरेज काढलं असेल तर ही चूक दहा टक्क्यांची, म्हणजे बाराचं ॲव्हरेज तेराच्या वर दिसेल. पन्नास लिटरवर तीच चूक दोन टक्क्यांची होते. आणि पाच टाक्यांचा, म्हणजे अडीचशे लिटरचा हिशेब एकत्र केला तर ती अर्ध्या टक्क्याच्याही खाली जाते, कारण मधल्या टाक्यांमधल्या चुका एकमेकींत मिटतात. आज जे लिटर कमी बसलं ते पुढच्या वेळी जास्त बसतं. शेवटी फक्त पहिल्या आणि अखेरच्या टाकीची पातळी हिशेबात उरते. म्हणून एका टाकीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये आणि पाच टाक्यांच्या निष्कर्षावर शंका घ्यायला तसंच कारण हवं.

टाकी फुल्ल करण्याविरुद्ध दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. एक, भरलेल्या टाकीचं वजन ॲव्हरेज खातं. डिझेलचं एक लिटर साधारण ८३० ग्रॅमचं, म्हणजे पन्नास लिटर ४२ किलोच्या आत, तुरीच्या पन्नास किलोच्या कट्ट्यापेक्षाही कमी. माल धरून तीन टनांच्या गाडीत एवढ्या वजनानं ॲव्हरेजवर पडणारा फरक एका टक्क्याच्या आसपासचा, आणि टाकी रिकामी होत जाते तसा तोही उतरतो. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि दरवर्षी याच सुमारास ‘टाकी फुल्ल केली तर स्फोट होतो’ असे निरोप मोबाईलवर फिरतात. इंडियन ऑइलनं हे खोटं असल्याचं सांगितलं आहे. कंपनीनं ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरणं उन्हाळ्यातही सुरक्षित आहे. टाकीत प्रसरणासाठी मोकळी जागा मुळातच ठेवलेली असते. डिझेल एका अंशाला साधारण ०.०८ टक्के वाढतं, म्हणजे पन्नास लिटर डिझेल पंधरा अंशांनी तापलं तर सहाशे मिलिलिटरच्या आसपास वाढेल. खटका पडल्यावर पुन्हा दाबून गळ्यापर्यंत भरलेल्या गाडीतून मात्र तेवढं डिझेल झाकणातून ओघळू शकतं. पहिल्या खटक्याला थांबण्याचं हे दुसरं कारण. उलट बाजूनं, टाकी कायम तळाशी ठेवण्याचा तोटा पिकअपवाल्याला चांगलाच ठाऊक असतो. डिझेल संपून लाइनीत हवा गेली की हातपंप मारत बसावं लागतं, आणि गाडी त्या वेळी कापसानं भरून यार्डाच्या रांगेत असली तर सगळ्यांचाच खोळंबा होतो.

आकडा नीट काढायला शिकलो, आता तो असा का येतो हे पाहिलं पाहिजे. डिझेलच्या एका लिटरमध्ये साधारण ३६ मेगाजूल ऊर्जा असते. तिच्यातली जेमतेम तीस टक्के चाकांपर्यंत पोचते असं धरू. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. चाकांपर्यंत आलेल्या ऊर्जेचे मुख्य वाटेकरी तीन: रस्त्यावर घासत फिरणारे टायर, समोरची हवा, आणि ब्रेक. टायरचा वाटा वजनाबरोबर वाढतो, हवेचा वाटा वेगाच्या वर्गाबरोबर. ताशी ६० वरून ८० वर गेलात तर हवेचा विरोध पावणेदोन पटीच्या वर जातो. भरलेल्या पिकअपला ६० च्या वेगाला टायरचा वाटा मोठा असतो, ८० ला हवा त्याच्या पुढं जाते. वऱ्हाडात याचा एक खास परिणाम दिसतो, तो कापसाचा. तूर, हरभरा, सोयाबीन कट्ट्यांमध्ये भरले की वजन जास्त आणि उंची कमी. माल केबिनच्या मागं दबलेला राहतो. सुटा कापूस मात्र वजनाला हलका आणि आकाराला अफाट. फाळक्यांवर आणखी फळ्या लावून, वर जाळी बांधून तो केबिनच्या बराच वर जातो. दहा क्विंटल तुरीची गाडी आणि दहा क्विंटल कापसाची गाडी वजनानं सारखी असली तरी हवेसाठी त्या दोन वेगवेगळ्या गाड्या आहेत. कापसाच्या खेपेला वेग ८० ऐवजी ५५-६० ठेवला तर जो फरक पडतो, तो तुरीच्या खेपेला तेवढा पडत नाही. वर बांधलेली सैल ताडपत्री फडफडत असेल तर तोही डिझेलचाच खर्च.

ब्रेकचा वाटा आपल्याकडे सगळ्यात कमी मोजला जातो. तीन टनांची भरलेली गाडी जागेवरून ताशी ५० पर्यंत न्यायची तर इंजिनच्या तीस टक्क्यांच्या हिशेबानं साधारण २७ मिलिलिटर डिझेल लागतं. मध्येच गतिरोधक आला, खड्डा आला, बैलगाडी आडवी आली आणि ब्रेक लावला की ते सगळं ब्रेकच्या लायनरमध्ये जळून जातं. एका खेपेत असं चाळीस वेळा झालं तर एक लिटरच्या वर डिझेल फक्त थांबण्या-निघण्यात गेलं. पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन काळी कसदार. ती पावसात फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला खारपाणपट्टा याच जमिनीचा आहे. इथं गावरस्त्याला दोन पावसाळ्यांत लाटा येतात ते ठेकेदाराच्या कामाबरोबरच या मातीमुळेही. पावसाळ्यात पांदणीत गाडी रुतली तर मीटरही फसतो. किलोमीटर चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या फिरण्यावरून मोजले जातात, त्यामुळं चिखलात चाक जागच्या जागी फिरलं तरी मीटर पुढं सरकतो. डिझेल जळतं, गाडी हलत नाही, आणि कागदावर ॲव्हरेज मात्र आहे त्यापेक्षा बरं दिसतं.

याच जिल्ह्यांत याच्या उलट टोकाचा रस्ताही आहे. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीची एक मार्गिका सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून पूर्ण झाली. ३ जूनला सुरू झालेलं काम ७ जूनला संपलं आणि गिनेस बुकात नोंदलं गेलं. याआधीचा विक्रम कतारमधल्या रस्त्याचा होता. अशा सपाट रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एका वेगानं जाणारी पिकअप आणि तिच्याच जोडीला घेतलेली, भातकुली तालुक्यातल्या गावांमधून धान्य गोळा करणारी पिकअप यांच्या ॲव्हरेजची तुलना करून पहिली चांगली आणि दुसरी खराब ठरवणं अन्यायाचं होईल. परतवाड्याहून चिखलदऱ्याला माल नेणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथं चढच सुमारे सातशे मीटरचा. तीन टन वजन तेवढ्या उंचीवर नुसतं उचलायलाच दोन लिटरच्या आसपास डिझेल हवं, रस्त्याचा आणि हवेचा खर्च वेगळा. उतरताना इंजिनच्या ब्रेकवर त्यातलं थोडं वाचतं, सगळं परत मिळत नाही.

मग कंपनी सांगते त्या आकड्याचं काय? भारतात गाड्यांची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थांमधली मुख्य संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, महाराष्ट्रातच पुण्याला आहे, १९६६ पासून. तिथं लहान मालवाहू गाडी रोलरवर उभी करून ठरवून दिलेल्या वेगांच्या चक्रातून चालवली जाते. खोलीचं तापमान, वेग वाढवण्याचा दर, थांबे, सगळं आखून दिलेलं. ही चाचणी खोटी नाही. दोन गाड्यांची एकाच पट्टीवर तुलना करायला तिच्याइतकं चांगलं साधन नाही. पण त्या चक्रात कापसाची गंजी नसते, पांदण नसते, आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवून काढलेले दोन तासही नसतात. उभ्या पिकअपचं इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर डिझेल पितं. हंगामात खरेदी केंद्रासमोर लागणाऱ्या रांगांचा हा खर्च कोणत्याही कंपनीच्या आकड्यात येणार नाही, तुमच्या वहीत मात्र आपसूक येतो. नव्या गाड्यांच्या पडद्यावर येणारं ॲव्हरेज इंजिनच्या संगणकानं डिझेलच्या फवाऱ्यांच्या वेळेवरून काढलेला अंदाज असतो. वेग कमी-जास्त केला की काय होतं हे लगेच समजायला तो उत्तम, पण पंपावर मोजलेल्या लिटरशी तो ताडून पाहिल्याशिवाय त्यावर भाडं बेतू नये.

इथं गणिताची एक फसगत सांगितली पाहिजे, कारण ती शिकलेल्या माणसांकडूनही होते. गाडीनं शंभर किलोमीटर रिकामी जाताना २० चं ॲव्हरेज दिलं आणि शंभर किलोमीटर भरून येताना १० चं, तर सरासरी १५ नाही. जाताना पाच लिटर गेले, येताना दहा. दोनशे किलोमीटरला पंधरा लिटर, म्हणजे १३.३. ॲव्हरेजची कधी बेरीज करू नये. किलोमीटरची बेरीज करावी, लिटरची बेरीज करावी आणि शेवटी एकदाच भागावं. याच्याच पोटात दुसरी फसगत आहे. ८ चं ॲव्हरेज १० वर आणलं तर शंभर किलोमीटरमागं अडीच लिटर वाचतात. १६ चं २० वर नेलं तर वाचतात सव्वाच लिटर, सुधारणा दुप्पट मोठी दिसत असूनही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवून दिलं की लोक या आकड्यांवरून बचतीचा अंदाज सरसकट चुकवतात. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, त्यात ही चूक होत नाही. आपल्याकडच्या जुन्या, जड, आठ-नऊ देणाऱ्या गाडीचं एका किलोमीटरनं सुधारलेलं ॲव्हरेज नव्या गाडीच्या दोन किलोमीटरपेक्षा जास्त पैसे वाचवतं. जुन्या गाडीकडे ‘आता काय देणार ती’ म्हणून दुर्लक्ष करणं म्हणूनच महागात पडतं.

पण माल वाहणाऱ्यासाठी शंभर किलोमीटरला लिटर हेही अर्धवटच माप. त्याला भाडं किलोमीटरचं मिळत असलं तरी शेतकरी पैसे देतो मालाचे. खरं माप म्हणजे एका क्विंटलमागं किती डिझेल. चाळीस किलोमीटरच्या येण्या-जाण्याचं उदाहरण घेऊ. छोटी गाडी १८ चं ॲव्हरेज देते आणि ७ क्विंटल नेते. डिझेल लागलं २.२ लिटर, क्विंटलमागं सुमारे २९ रुपयांचं. पिकअप १२ चं ॲव्हरेज देते आणि १५ क्विंटल नेते. लागलं ३.३ लिटर, क्विंटलमागं २० रुपयांचं. ॲव्हरेज वाईट, पण काम स्वस्त. आता तीच पिकअप ६ क्विंटल घेऊन निघाली आणि हलकी असल्यानं १३ चं ॲव्हरेज दिलं, तर क्विंटलमागं डिझेल ४६ रुपयांवर गेलं. ॲव्हरेज सुधारलं आणि धंदा बिघडला. अर्ध्या गाडीची खेप घ्यावी की शेजारच्या शेतकऱ्याचा माल सोबत मिळेपर्यंत एक दिवस थांबावं, परतीला खत-बियाण्याचं किंवा ढेपेचं भाडं शोधावं की रिकामं निघून यावं, हे निर्णय या आकड्यावर घ्यायचे असतात. क्विंटलमागं डिझेल वाचवण्याच्या मोहात मर्यादेपलीकडे लोड भरण्याचं समर्थनही या गणितातून काढू नये. टायर, पाटे आणि ब्रेक यांचा खर्च क्विंटलच्या या हिशेबात धरलेला नाही, आणि ब्रेक वेळेवर लागले नाहीत तर होणारं नुकसान कोणत्याही वहीत बसत नाही.

लोड दर खेपेला बदलतं, मग वही ठेवून काय उपयोग, असा आक्षेप इथं येईल. तो पूर्ण चुकीचा नाही. दोन टाक्यांमधलं काम वेगळं असेल तर त्यांच्या ॲव्हरेजची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही. पण म्हणूनच शेजारी लोड लिहायचं. वजनकाट्याच्या पावतीत वजन असतंच, ते उतरवून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. दोन-तीन महिन्यांत कापसाच्या खेपांच्या टाक्या एका बाजूला, धान्याच्या एका बाजूला आणि बांधकामाच्या विटा-सिमेंटच्या एका बाजूला होतात. मग एकाच प्रकारच्या कामात ॲव्हरेज १२ वरून ११ वर आलं तर त्याला अर्थ असतो. हवा कमी असलेले टायर, चिकटलेला ब्रेक, धुळीनं भरलेला एअर फिल्टर, घसरणारा क्लच, तुंबलेला डिझेल फिल्टर, ही सगळी दुखणी गाडी बंद पडायच्या आधी वहीत दिसतात. खारपाणपट्ट्यातल्या उन्हाळी धुळीत एअर फिल्टर कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरपर्यंत टिकेलच असं नाही, तेव्हा तो सगळ्यात आधी तपासावा. आणि एक तांत्रिक बाब: झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, त्यामुळं त्याच अंतराला चाक जास्त फिरतं आणि मीटर थोडे जास्त किलोमीटर दाखवतो. नवे टायर टाकल्यावर ॲव्हरेज किंचित घसरलेलं दिसलं तर घाबरायचं कारण नाही.

राहिला पंपाचा प्रश्न. ॲव्हरेज कमी आलं की बहुतेकांचा पहिला संशय पंपावर जातो. त्यामागं इतिहास आहे. २०१७ साली आधी लखनऊमध्ये आणि मग ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रातल्या काही पंपांवर मापात फेरफार करणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सापडली होती. त्यामुळं दक्षता हवीच. पण दक्षता कशाची, हे नेमकं माहीत हवं. पहाटे भरलं तर डिझेल थंड म्हणून जास्त मिळतं, ही समजूत फारशी खरी नाही. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथलं तापमान सकाळ-दुपार फार हलत नाही. पाच अंशांचा फरक धरला तरी पन्नास लिटरमागं दोनशे मिलिलिटर. हजाराऐवजी अकराशे तेवीस रुपयांचं मागितलं की फसवणूक टळते, ही युक्तीही फसवी, कारण मापात गडबड असेल तर ती कोणत्याही आकड्यावर होऊ शकते. खरी हत्यारं दोन. मीटर शून्यावर आहे का हे डोळ्यांनी पाहणं, हे पहिलं. दुसरं म्हणजे पाच लिटरचं प्रमाणित माप. वैधमापन विभागानं तपासून शिक्का मारलेलं हे माप प्रत्येक पंपावर असावं लागतं, आणि शंका आली तर ग्राहक त्यात पाच लिटर मोजून दाखवायला सांगू शकतो. पाच लिटरला २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, एवढा फरक नियमात बसतो. त्याहून जास्त कमी भरलं तर वैधमापन विभागाकडं तक्रार करता येते. गाळण कागदावर थेंब टाकून शुद्धता पाहण्याची चाचणी पेट्रोलसाठी आहे, डिझेलला ती लागू पडत नाही. पंपावर लिहिलेली घनता मात्र डिझेलसाठीही ताडून पाहता येते.

आणि या संशयाच्या बाबतीत वही सगळ्यात मोलाची ठरते. एका पंपावरच्या तीन टाक्या आणि दुसऱ्या पंपावरच्या तीन टाक्या, काम सारखंच, आणि तरी पहिल्या पंपावर सतत पाच टक्क्यांनी कमी ॲव्हरेज येत असेल, तर तो फरक इंजिनमधून आलेला नाही. असा फरक दाखवून माप मागणारा ग्राहक आणि ‘गाडी कमी देऊन राह्यली’ एवढंच सांगणारा ग्राहक यांच्याशी पंपावरची माणसं सारखं वागत नाहीत. उलट, दोन्ही पंपांवर ॲव्हरेज सारखंच घसरत गेलं असेल तर पंपवाल्याशी भांडण्यात वेळ न घालवता गाडी मेकॅनिककडं न्यावी. २०१७ च्या जूनमध्ये डिझेलचे दर रोज ठरवण्याची पद्धत आली. दर कधीही बदलू शकतो, त्यामुळं वहीत रुपये लिहिले तरी लिटर लिहायला विसरू नये. दर हलला की रुपयांवरून काढलेलं ॲव्हरेज काहीच सांगत नाही.

यातलं काहीही करायला मोबाईलचं ॲप लागत नाही, असलं तर चांगलंच. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही आणि पेन पुरे: तारीख, मीटर, लिटर, फुल्ल की नाही, माल आणि क्विंटल. दिवाळीच्या आसपास कापसाच्या खेपा सुरू होतात आणि भाड्याचे दर त्याच आठवड्यांत ठरतात. तेव्हा भातकुली-दर्यापूरकडच्या पिकअपवाल्यांनी हंगामाच्या महिनाभर आधी एकदा टाकी फुल्ल करून मीटर लिहून ठेवावा, म्हणजे क्विंटलमागं भाडं सांगताना त्यांच्याकडं स्वतःच्या गाडीचा मोजलेला आकडा असेल.